काँग्रेस अध्यक्ष निवडणूक, २०२२ मॉडेल: पॅकिंग चांगलं, सीलचा घोळ

आधीच सांगून टाकतो, मी या सेवेचा गिऱ्हाईक नाही. इथे मत द्यायला प्रदेश काँग्रेसचा डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, असावं लागतं, आणि मी कुठल्याच पक्षाचा चार आण्याचा मेंबरसुद्धा नाही. पण मोबाईलच्या कव्हरचा रिव्ह्यू चारशे लोक लिहितात, आणि देशातल्या सगळ्यात जुन्या पक्षाचा अध्यक्ष ज्यातून निघतो त्या वस्तूकडे कुणी उलटंपालटं करून बघत नाही, म्हणून लिहितोय. खर्गेंची पाच वर्षं २०२७ मधे पूर्ण होतायत, आमच्या ग्रुपवर आत्तापासूनच जुनं भांडण परत निघालंय, की तेव्हा उत्तर प्रदेशातल्या मतपेट्यांच्या सीलवरून थरूरांच्या लोकांनी केलेल्या तक्रारीत दम होता का.

आणि अगदीच अडाणी नाहीये मी यातला. एका पतसंस्थेच्या निवडणुकीत काकांचा पोलिंग एजंट म्हणून बसलो होतो, नाव घेत नाही संस्थेचं. सकाळी पेटी उलटी करून दाखवली, रिकामी आहे बघा, मग तोंडाला सुतळी, त्यावर लाख, आणि एक कागदी सील ज्याचा नंबर आम्ही सगळ्या एजंटांनी वहीत लिहून सह्या केल्या. मोजणीच्या दिवशी पेटीवरचा नंबर वेगळा निघाला. शेवटचे दोन आकडे उलटे. साहेब म्हणाले, लिहिताना चूक झाली असेल हो तुमची. पाचही जणांची एकच चूक? काका अकरा मतांनी पडले. त्या पेटीत काही झालं असेल असं आजही मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि राग त्याचाच आहे, की सांगूच शकत नाही. तेव्हापासून कुणी 'सील' म्हटलं की माझे कान उभे राहतात.

तर आता मूळ मालाकडे. मल्लिकार्जुन खर्गे विरुद्ध शशी थरूर. मतदान १७ ऑक्टोबर २०२२, मोजणी १९ ला दिल्लीत २४ अकबर रोडवर. खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, बाद ४१६. चोवीस वर्षांनी गांधी घराण्याबाहेरचा अध्यक्ष.

पॅकिंगला पैकीच्या पैकी. डेलिगेटांना क्यूआर कोडवालं ओळखपत्र, राज्याराज्यात मतदान केंद्रं, आणि भारत जोडो यात्रेत जे चालत होते त्यांच्यासाठी बळ्ळारीजवळ कॅम्पातच बूथ, राहुल गांधींनी तिथंच मत टाकलं. डिलिव्हरी दारात म्हणतात ती ही. शिवाय नियम काढला की पदाधिकाऱ्याला कुणाचा प्रचार करायचा असेल तर आधी पद सोडा, आणि खर्गेंच्या प्रचारासाठी तीन प्रवक्त्यांनी खरंच राजीनामे दिले. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

ट्रायलमधेच एक बग सापडला तो मात्र ऐकण्यासारखा आहे. आधी ठरलं होतं की आपल्या उमेदवारापुढे '१' लिहायचं. थरूरांच्या लोकांनी हात वर केला, की अहो मतपत्रिकेवर पहिलं नाव खर्गेंचं आहे, एक लिहिलं म्हणजे एक नंबरच्याला मत असं कुणाला वाटलं तर? बरोबर होतं त्यांचं. मग '१' ऐवजी टिक केली. म्हणजे तक्रार आली, ऐकली, वेळेत दुरुस्त केली, सर्व्हिस सेंटर असावं तर असं. आणि एवढं करून ४१६ मतं बाद! दोन नावं, एक टिक. शंभरातली चारपेक्षा जास्त मतं वाया. आणि मत देणारे कोण, तर गावोगाव फिरून लोकांना शिक्का कुठे मारायचा, बटण कुठलं दाबायचं हे शिकवण्यात ज्यांची हयात गेली ते. मी दोन दिवस विचार करत होतो की यांनी कागदावर नक्की काय काढलं असेल. काहींनी मुद्दाम बाद केलं असणार, दोघंही नकोत म्हणून, तोही एक निकालच आहे म्हणा.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. मोजणी चालू असतानाच थरूरांचे प्रतिनिधी सलमान सोझ यांचं पत्र बाहेर आलं. उत्तर प्रदेशात गंभीर गडबड झाली, पेट्यांना अधिकृत नसलेली सीलं, बूथमधे ज्यांचं काम नाही अशी माणसं, मतदानात गैरप्रकार, समरी शीट नाही, सबब तिथली सगळी मतं बाद धरा. खर्गेंना याची कल्पना होती असा पुरावा आपल्याकडे नाही हेही त्याच पत्रात लिहिलंय, ते सांगायला हवं, लोक अर्धंच फॉरवर्ड करतात. थरूर नंतर म्हणाले की पत्र पक्षातल्या पक्षात दिलं होतं, फुटलं हे दुर्दैव. पक्षाच्या निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांनी सगळे आरोप फेटाळले आणि वर सुनावलं की माझ्यासमोर तुम्ही समाधानी असता आणि मीडियासमोर चेहरा वेगळा.

मिस्त्रींचा वैताग मी समजू शकतो, काऊंटरवर बसलेल्या माणसाला असं गिऱ्हाईक नकोच असतं. पण हे उत्तर गिऱ्हाईकाच्या स्वभावाला झालं, सीलला नाही झालं. सीलचं उत्तर एकच असतं: ही घ्या वही, हा सकाळचा नंबर, हा संध्याकाळचा नंबर, या एजंटांच्या सह्या. समरी शीट म्हणजे तरी काय, किती कागद आले, किती वाटले, किती उरले, पेटीत किती पडले, एका पानाचा हिशोब. ते पान असेल तर दाखवा म्हणजे विषय संपला, आणि नसेल तर कुणीही कितीही प्रामाणिक असो, विषय संपत नाही. माझ्या काकांचा अजून संपलेला नाही.

यात एक गंमत आहे जी मला नंतर कळली. कुठल्या राज्याने कुणाला मत दिलं हे कळू नये म्हणून सगळ्या पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायच्या असं आधीच जाहीर केलं होतं. फीचर चांगलंच आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्रदेशाध्यक्षाची खरडपट्टी, तुझ्या राज्यातनं त्याला एवढी मतं कशी पडली. पण मिसळायची पद्धत ठेवली की पेटीवरचा आक्षेप मिसळण्याआधीच निकाली काढावा लागतो. एकदा डाळ-तांदूळ एकत्र शिजले की तांदळातले खडे वेगळे काढून दाखव म्हणण्यात अर्थ नाही. म्हणजे मतदान झाल्यापासून पेटी उघडेपर्यंतचे दोन दिवस हीच काय ती तक्रारीची वॉरंटी. एवढ्याशा खिडकीत लखनौहून माहिती येणार, पत्र जाणार, चौकशी होणार, कसं व्हायचं?

तुम्ही म्हणाल फरक काय पडला असता. काही नाही. फरक ६,८२५ मतांचा, अख्खा उत्तर प्रदेश वजा केला तरी खर्गेच. ग्रुपवर हेच उत्तर येतं दरवेळी. पण लीड मोठं आहे म्हणून सील बघायचं नाही ही सवय लागली की ज्या दिवशी लीड अकराचं असेल त्या दिवशी वही कुठनं आणणार? आणि हेही कबूल, निकाल लागल्या लागल्या थरूरांनी खर्गेंचं अभिनंदन केलं, पुढे ऑगस्ट २०२३ मधे ते कार्यकारिणीतही आले. म्हणजे ज्याची तक्रार होती त्यानेच ती सोडली. सोडली की सोडावी लागली यावर मी बोलत नाही.

खरं तर मला सीलपेक्षाही आधीच्या गोष्टी जास्त खटकल्या. मतदारांच्या यादीत काहींचे फोन नंबरच नाहीत, खर्गेंना प्रदेशाध्यक्ष स्वागताला हजर आणि मला भेटत नाहीत, असं थरूर प्रचारात उघड बोलत होते. यादी जाहीर करा असं मनीष तिवारी वगैरे पाच खासदारांनी लिहिलं होतं, त्यावर प्रदेश कार्यालयात येऊन बघा असं उत्तर. दुकान चालू आहे पण पाटी आत लावलीय.

जुन्या मॉडेलशी तुलना केली तर बरीच सुधारणा आहे हं. २००० साली सोनिया गांधी ७,४४८ आणि जितेंद्र प्रसाद ९४, चौऱ्याण्णव फक्त. १९९७ ला सीताराम केसरी ६,२२४, आपले शरद पवार ८८२, राजेश पायलट ३५४. पवारांचं गणित करून बघितलं तर साधारण बारा टक्के, आणि थरूरांचंही बाद मतं सोडून करून बघा, बारालाच टेकतं. पंचवीस वर्षं गेली, एक घरचा मुरलेला गडी आणि एक पक्षात उशिरा आलेला इंग्रजी बोलणारा, दोघांच्या पानात वाढलं तेवढंच. हे बघून मी जरा वेळ गप्प बसलो होतो.

बाकीच्या दुकानांचं काय म्हणाल तर भाजपमधे २०२० ला नड्डा बिनविरोध, म्हणजे मतपत्रिकाच नाही तर सील कुठलं तपासणार. आपल्याकडे शिवसेनेचं तर माहितीच आहे, फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना देताना निवडणूक आयोगाने पक्षाच्या घटनेतल्या लोकशाहीवर ताशेरे ओढले, आणि वर्षभराने राष्ट्रवादीच्या वेळीसुद्धा संघटनेच्या हिशोबावर भरवसा ठेवता येईना म्हणून शेवटी आमदार-खासदारांची डोकीच मोजली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की पक्षातल्या निवडणुकीचे कागद नीट ठेवायचे असतात.

परदेशी मालात एकच सांगतो. त्याच २०२२ मधे ब्रिटनच्या हुजूर पक्षाने नेतेपदासाठी ट्रस विरुद्ध सुनक लावलं होतं, आणि दिलेलं मत नंतर बदलता येईल अशी सोय ठेवली होती. तिथल्या सरकारी सायबर सुरक्षा केंद्राने सल्ला दिला, मग ती सोयच काढून टाकली, मतपत्रिका उशिरा गेल्या, लोक कुरकुरले, पण माल थांबवला. बाहेरच्याचं ऐकलं हे महत्त्वाचं. आपल्याकडे पक्षाची निवडणूक पक्षाचंच प्राधिकरण घेतं, तक्रारही त्यांच्याकडेच.

तीन स्टार देतोय. चौथा देणार होतो टिकच्या त्या दुरुस्तीसाठी, पण मग परत ते ४१६ आठवले. २०२७ चं मॉडेल येईल तेव्हा मी निकाल नंतर बघीन, आधी ते समरी शीट बघायला मिळतंय का ते बघीन. काकांना विचारलं तुमचं काय मत, तर म्हणाले, पेटी उलटी करून दाखवली होती का सकाळी?