मॉडेल टीच्या जुन्या बझ कॉइल: सात महिने आणि नऊशे मैलांनंतर

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या १९२३ च्या फोर्ड मॉडेल टीच्या चारही कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या डब्या, उघडल्या, आतले कंडेन्सर बदलले, नवे पॉइंट लावले आणि परत बसवल्या. त्यानंतर गाडी सुमारे नऊशे मैल, म्हणजे साडेचौदाशे किलोमीटर चालली. परवा तिला हिवाळ्यासाठी झाकून ठेवली. मिशिगनमध्ये बर्फ सुरू झाला की रस्त्यावर मीठ टाकतात आणि शंभर वर्षांच्या पत्र्याला ते सोसत नाही. मॉडेल टी बाळगणारे मराठी लोक थोडेच असतील, पण स्कूटरचे पॉइंट घासत मोठे झालेले पुष्कळ आहेत. हे सगळं त्यांना लगेच कळेल.

निकाल आधीच सांगतो. नीट दुरुस्त करून मीटरवर लावलेल्या मूळ कॉइल उत्तम चालतात. त्या काढून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकाच कॉइलची ठिणगी चारही प्लगना वाटणारा भाग, बसवायची मला गरज दिसत नाही. मात्र ‘मीटरवर लावलेल्या’ हे दोन शब्द विसरू नका, कारण त्याआधीचा अख्खा उन्हाळा मी त्या कानाने, नुसता आवाज ऐकून, लावायच्या नादात घालवला होता.

ही कॉइल म्हणजे उभ्या ठेवलेल्या अर्ध्या विटेएवढी लाकडी डबी. आत लोखंडी तारांचा गाभा, त्यावर जाड तारेचे थोडे वेढे, त्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, शेजारी वीज साठवणारा कंडेन्सर आणि या सगळ्यावर ओतलेलं डांबर. डबीच्या डोक्यावर पोलादी पत्ती आणि पॉइंटची जोडी. अशा चार डब्या, दर सिलिंडरला एक, समोरच्या फळीवर गाडीच्या आतल्या बाजूला एका पेटीत ओळीने बसतात. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी टायमर असतो. त्यातला रोलर फिरत फिरत एकेका कॉइलचं सर्किट जोडतो, १-२-४-३ या क्रमाने. सर्किट जुळलं की गाभ्याचं चुंबक होतं, ते पत्तीला खाली ओढतं, पॉइंट उघडतात, चुंबक मावळतं आणि त्याच क्षणी बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहून प्लगवर ठिणगी पडते. पत्ती परत वर येते आणि पुन्हा तेच. म्हणून ती गुणगुणते, आणि म्हणून तिचं नाव बझ कॉइल.

आपल्या जुन्या चेतकच्या मॅग्नेटमध्येही पॉइंट होते, कंडेन्सर होता. पण तिथे पॉइंट कॅम उघडायचा, ठरलेल्या अंशाला, ठरल्या वेळी. इथे पॉइंट उघडतं ते चुंबक. पत्ती किती ताठ आहे, यावर ठिणगी किती उशिरा पडणार ते ठरतं. चार कॉइलच्या चार पत्त्या चार तऱ्हेच्या असतील तर प्रत्येक सिलिंडर आपापल्या वेळेला पेटतो आणि गाडी थरथरत चालते. या यंत्राची सगळी कुंडली या एका गोष्टीत आहे.

ठिणगीने इंजिन पेटवण्याची खटपट फोर्डच्या कितीतरी आधीची. एतियेन लेन्वारने १८६० मध्ये पॅरिसला आपलं गॅस इंजिन चालवलं ते बॅटरी आणि रुमकॉर्फ कॉइलवर, जी आपण कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिली तीच. पुढे ओट्टोने १८७६ च्या इंजिनात सरकत्या झडपेतून चक्क ज्योत आत नेली, डाइमलरने तापलेली नळी वापरली, पण कार्ल बेन्झ विजेला चिकटून राहिला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्झ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली तेव्हा वाटेत ठिणगीची तार उघडी पडली आणि तिने मोज्याच्या पट्ट्याने ती झाकली, असं सांगतात. मला ती गोष्ट फार आवडते, कारण तारेचं आवरण जाण्याचा तो रोग माझ्या गाडीलाही जूनमध्ये झाला. मी चिकटपट्टी वापरली. १९०२ मध्ये बॉशच्या गोटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो (फिरत्या चुंबकातून वीज काढणारं यंत्र) केला आणि महागड्या गाड्यांचा प्रश्न सुटला. फोर्डला स्वस्त गाडी करायची होती. त्याचा जुना सहकारी एडवर्ड हफ याच्या नावावर जी युक्ती आहे ती अशी: फ्लायव्हीललाच, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकालाच, इंग्रजी व्ही अक्षरासारखी सोळा चुंबकं जडवायची आणि समोर सोळा वेटोळी ठेवायची. इंजिन फिरलं की वीज आपोआप तयार. हाच मॉडेल टीचा मॅग्नेटो. १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या याच पद्धतीने धावल्या. आपल्याकडे तेव्हा आलेल्या मॉडेल टी बहुतेक कॅनडात बनलेल्या, कारण ब्रिटिश साम्राज्यातल्या वसाहतींची विक्री फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होती.

आता दुरुस्तीबद्दल. कॉइल उघडली की पहिलं काम डांबर खरवडायचं, आणि ते कंटाळवाणं आहे. फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवली की डांबर ठिसूळ होतं आणि छिन्नीने तुकडे निघतात. आतला जुना कंडेन्सर कागद आणि पत्र्याच्या वर्खाचा. शंभर वर्षांत त्याने ओल धरलेली असते. तो चांगला आहे का, हे तपासत बसू नका. काढा आणि ०.४७ मायक्रोफॅरडचा आजचा फिल्म कपॅसिटर टाका, किमान ४०० व्होल्टचा. माझ्या चारपैकी चारही जुने कंडेन्सर गळके निघाले. नुसता हा एक भाग बदलल्यावर पॉइंटवर उडणाऱ्या निळ्या ठिणग्या जवळपास थांबल्या. पॉइंटमधली फट ३१ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पत्ती हाताने खाली दाबून मोजायची.

मग येतो पत्तीचा ताण. आदल्या वर्षी मी चारही कॉइल बॅटरीवर लावून, आवाज सारखा येईपर्यंत नट फिरवत होतो. चौघींचा सूर जुळला की मला वाटायचं, झालं काम. गाडी मात्र चढावर अडखळायची. या वर्षी गावातल्या एका जुन्या मॉडेल टीवाल्या आजोबांनी त्यांचा हाताने फिरवायचा टेस्टर वापरायला दिला. त्यात मॉडेल टीचाच मॅग्नेटो असतो. हँडल फिरवलं की समोरच्या कड्यावर ठिणग्या गोल फिरताना दिसतात, एका फेऱ्यात सोळा. बाजूला अँपिअर मीटर. काटा १.३ वर हवा आणि प्रत्येक जागी ठिणगी एकच हवी.

माझी दुसऱ्या नंबरची कॉइल लावली तेव्हा काटा १.६ वर गेला आणि कड्यावर काही ठिकाणी एकाच्या जागी दोन ठिणग्या, एकीच्या मागे दुसरी, अशा दिसल्या. आवाज तर इतर तिघींसारखाच होता! आजोबांनी छोट्या हातोडीने पत्तीच्या बुडाशी दोन टिचक्या दिल्या. काटा उतरला. अजून एक टिचकी. १.३. कडं एकदम स्वच्छ झालं, जशी दिव्यांची माळ. मी कितीतरी वेळ हँडल फिरवत तेच पाहत राहिलो.

या नेमकेपणाचं महत्त्व मॅग्नेटोवर चालवताना कळतं. सोळा चुंबकं म्हणजे विजेची लाट दर साडेबावीस अंशांना एकदा येते. पत्ती जास्त ताठ असेल तर पहिल्या लाटेला ती हलत नाही, पुढच्या लाटेला हलते, आणि त्या सिलिंडरची ठिणगी तब्बल साडेबावीस अंश उशिरा पडते. म्हणूनच स्टिअरिंगखालची टायमिंगची कळ मॅग्नेटोवर ओढली की इंजिन हळूहळू नाही, टप्प्याटप्प्याने सुधारतं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला वाटलं कळ अडकतेय. ते तसंच असतं.

मे आणि जून निर्विघ्न गेले. सहा व्होल्टच्या बॅटरीवर सुरू करायची आणि लगेच चावी मॅग्नेटोवर फिरवायची. चावी फिरताच इंजिनाचा आवाज मोकळा होतो, गाडी जणू कूस बदलते, कारण मॅग्नेटोचा दाब वेगाबरोबर चढतो आणि कॉइल झटपट पेटते. सपाट रस्त्यावर ताशी ३०-३५ मैल आरामात. जुलैमध्ये एकदा मॅग्नेटोवर फिरवलं की इंजिन बंद, बॅटरीवर नीट. कॉइलचा दोष नव्हता. गिअरपेटीवर मॅग्नेटोची वीज बाहेर काढणारा जो खिळा असतो, त्याच्या टोकाला गिअरपेटीतल्या पट्ट्यांच्या कापसाचा लगदा चिकटला होता. पुसला, दहा मिनिटांत काम झालं. इथे एक इशारा: त्या खिळ्याला बॅटरीची तार चुकूनही लावू नका. फ्लायव्हीलवरची चुंबकं कमजोर होतात आणि मग अख्खं इंजिन खाली उतरवावं लागू शकतं.

ऑगस्टमध्ये बाबा सांगलीहून आले. त्यांचं तीस वर्षं स्कूटर-मोटरसायकलचं गॅरेज होतं. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हात लावला नाही, नुसते बाजूला उभे राहिले. मी बॅटरी चालू करून हँडल सावकाश फिरवलं, एकेक कॉइल गुणगुणत गेली. ते म्हणाले, “तिसऱ्याचा आवाज जड आहे रे. करंट देईल, पण वेळेवर देणार नाही.”

मी म्हणालो, “बाबा, एप्रिलमध्ये मीटरवर लावलीय. चारही सारख्या आहेत.”

“असेल. काढून बघ.”

काढून टेस्टरवर लावली. काटा १.५ च्या पुढे, आणि दुहेरी ठिणग्या. वरच्या पट्टीखाली एक बारीक पत्ती रिव्हेटने अडकवलेली असते, तिला पाच थाऊंची मोकळीक लागते. तो रिव्हेट सैल झाला होता. हे नवे पॉइंट मी ज्या दुकानातून मागवले, त्यांनी तो नीट ठोकलाच नव्हता. कळवलं तर बदली जोडी पाठवली, पण तीन आठवडे लावले. बाबांनी तोवर जुन्या जोडीचे पॉइंट तेलाच्या दगडावर घासून सपाट केले, रिव्हेट स्वतः ठोकला, आणि मी हँडल फिरवत असताना काटा १.३५ वर आणून दिला. त्या पॉइंटवर ऑक्टोबरपर्यंत गाडी चालली. नवी जोडी अजून पाकिटातच आहे.

म्हणजे कानाला काहीच कळत नाही असं माझं म्हणणं नाही. बिघाड झालाय हे तीस वर्षांच्या कानाला कळतं. किती टिचक्या द्यायच्या ते मीटर सांगतो.

बाबांना सगळ्यात आवडलं ते फुकटचं स्टार्ट. इंजिन गरम असताना बंद केलं आणि सिलिंडरमध्ये वायू शिल्लक असला, तर नुसती चावी बॅटरीवर फिरवून टायमिंगची कळ वरखाली केली की कॉइल गुणगुणते, ठिणगी पडते आणि गाडी हँडल न मारता, स्टार्टर न दाबता चालू होते. त्यांनी ते एका दुपारी सहा वेळा करून पाहिलं. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं, त्याला प्लगच नाही, फिरवून फिरवून दंड भरून यायचे. त्याची आठवण त्यांना आली असावी.

एक अपघात सांगायलाच हवा. सप्टेंबरमधल्या एका सकाळी मी टायमिंगची कळ वर करायला विसरलो, म्हणजे ठिणगी लवकर पडणार, आणि हँडल मारलं. इंजिनाने उलटा झटका दिला. हँडल डाव्या हाताने, खालून वर ओढत होतो, अंगठा बोटांच्याच बाजूला होता, म्हणून हात मोकळा सुटला आणि नुसता मुरगळला. उजव्या हाताने वरून दाबलं असतं तर मनगट मोडलं असतं. चांगल्या कॉइल पहिल्याच वेळी जोरदार ठिणगी देतात, त्यामुळे ही काळजी आता आधीपेक्षा जास्त घ्यावी लागते. मी आता हँडलला हात लावण्याआधी कळीला हात लावतो, रोज.

उणिवा आहेतच. कॉइलची लाकडी पेटी ओल धरते. ऑगस्टच्या दमट हवेत एकदा आतल्या लाकडावरून ठिणगी सरपटली आणि काळी रेघ उमटली. ती खरवडून तिथे प्लॅस्टिकचा तुकडा बसवला. ज्यांच्या गाड्या उघड्यावर राहतात त्यांनी हे आधीच करून घ्यावं. टायमरला दर दीड-दोनशे मैलांनी तेलाचे थेंब द्यावे लागतात. आणि टेस्टर हाताशी नसेल तर हे सगळं जमणार नाही. कॉइल दुरुस्त करून देणारे लोक आहेत, त्यांच्याकडे पाठवा, पण प्रत्येक कॉइलचा अँपिअरचा आकडा लिहून मागा.

डिस्ट्रिब्युटर लावलेली गाडी ज्याला रोज चालवायची आहे त्याला मी दोष देणार नाही. मला मात्र ते गुणगुणणं हवं आहे. एका काळी इथली शाळकरी मुलं याच फोर्ड कॉइल भंगारातून आणून घरी बिनतारी संदेशाचे ठिणगीयंत्र बनवत. पन्नास पावलांवर ती गुणगुण ऐकू आली की इथले म्हातारे लोक गाडीशी येऊन उभे राहतात.

चारही कॉइल आता पेटीतून काढून, जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घरात कपाटात ठेवल्या आहेत, कारण गॅरेजात हिवाळाभर ओल असते. डबीच्या बुडाला पेन्सिलीने नंबर आणि आकडे लिहिलेत: पहिली १.३, दुसरी १.३, तिसरी १.३५, चौथी १.३. तिसरीचा आकडा बाबांच्या अक्षरात आहे.