ज्युनियर ६०: बांधून, उडवून, एक उन्हाळा काढल्यावर (आणि रबर बँडबद्दल बरंच काही)

मे महिन्यात एका सकाळी, चढाई चालू असताना माझ्या ज्युनियर ६० या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानाचा पंख उजवीकडे बोटभर सरकला. पंख धरून ठेवणाऱ्या रबर बँडपैकी तीन हवेतच तुटले होते. हे बँड नवे होते, महाग होते आणि खास मॉडेल विमानांसाठी म्हणून विकलेले होते. विमान गिरक्या घेत खाली आलं, पंखाचं टोक जमिनीला लागलं, उरलेले बँड सुटले आणि पंख बाजूला जाऊन पडला. प्रॉपेलर गेला, टोकाचं कापड खरचटलं, बाकी सगळं शाबूत. या विमानाच्या उडण्याचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, पण रबराबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी उडवणाऱ्याला तेच आधी कळायला हवं, म्हणून लिहितोय.

हे विमान कीलक्राफ्ट या ब्रिटिश कंपनीचं, १९४६ सालचं, अल्बर्ट हॅटफुल यांनी आखलेलं, पंख ६० इंच. रेडिओ लावून उडवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की हे मुळात फ्री फ्लाइट विमान आहे. इंजिन चालू करून हातातून सोडायचं, पुढचं सगळं त्याने स्वतः सांभाळायचं. त्यामुळे स्थिरता बांधणीतच आहे. आपण रडर (वळवायला), एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला) आणि मोटर एवढंच देतो. एलेरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा, नाहीत आणि त्यांची उणीवही भासत नाही, कारण पंखांना इतका डायहेड्रल (टोकांकडे वर उचललेला कोन) आहे की रडर दिला की विमान आपोआप कलून वळतं.

बांधणीबद्दल थोडक्यात. प्लॅन आउटरझोन या वेबसाइटवर फुकट मिळतो. पण छापून घेताना स्वतः पट्टी घेऊन उभे राहा. आमच्याकडच्या प्लॉटरवाल्याने कागदात बसावं म्हणून चित्र परस्पर लहान केलं आणि पूर्ण आकाराचे पैसे घेतले. पंखाची लांबी मोजल्यावर प्रिंट ९८ टक्क्यांवर आल्याचं कळलं. दोन टक्के कमी असलेलं विमानही उडेल, पण मग तयार पट्ट्या खाचांत बसत नाहीत. भांडून दुसरं प्रिंट घेतलं. लाकडाचंही तसंच. प्लॅन इंचाच्या अपूर्णांकात, आपल्याकडचं बाल्सा (मॉडेलसाठीचं हलकं लाकूड) मिलिमीटरमध्ये. १/१६ इंचाला १.५ मिमी चालून जातं, पण १/४ इंच म्हणजे ६.३५ मिमी. ६ मिमीची पट्टी घेतली तर रिबच्या (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांच्या) खाचा तेवढ्या अरुंद करूनच कापायला हव्यात. मी रिबचा साचा नवीन काढला आणि सगळ्या रिब एकत्र पिनांनी टोचून घासल्या. हे काम निवांत करा. पंख जितका एकसारखा, तितकं विमान सरळ.

मोटर ३५३६ आकाराची ब्रशलेस, तीन सेलची २२०० mAh ची लायपो बॅटरी, ११ इंची प्रॉपेलर. बॅटरी पार पुढे सरकवली आणि सीजी (गुरुत्वमध्य) शिसं न घालता जुळला. जुन्या स्पार्क इग्निशन इंजिनांबरोबर कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असं सगळं लटांबर वाहून न्यावं लागायचं, त्यामुळे त्या काळच्या विमानांची नाकं ऐसपैस असतात. इलेक्ट्रिक करणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं. मोटरचं तोंड किंचित खाली झुकवायला (डाउनथ्रस्ट) वॉशर मात्र घालाच, नाहीतर पॉवर दिली की नाक आकाशाकडे.

कव्हरिंगवर मी सगळ्यात जास्त पैसे वाचवले आणि सगळ्यात जास्त समाधानही तिथेच मिळालं. त्या काळी अशा मोठ्या विमानांना रेशीम किंवा नायलॉन ताणून वर डोप (कापड ताठ करणारं लॅकर) लावायचे. आयात केलेल्या प्लॅस्टिक फिल्मचे रोल घ्यायचे तर माझं निम्मं बजेट तिथेच गेलं असतं. सोलापुरात राहून कापडासाठी परदेशी पैसे पाठवायचे हे मला पटलं नाही. बाजारात फिरून ब्लाउजच्या अस्तराचं सगळ्यात पातळ पॉलिस्टर घेतलं. चिकटवून वरून इस्त्री फिरवली की ते आक्रसतं आणि ढोलासारखं ताणून बसतं. इस्त्रीचा ताव आधी तुकड्यावर बघा. रंग हळदी घेतला, आकाशात उठून दिसतो. पावसाळ्याच्या दमट हवेत कागदाचं कव्हर सैल पडतं, हे अजून सैल पडलेलं नाही.

उडण्याबद्दल जेवढं ऐकलं होतं, त्याहून विमान चांगलं आहे. हे लिहितानाही मन भरून येतं. हातातून सोडल्यावर ते सावकाश, स्वतःहून निघतं. वर गेल्यावर मोटर बंद केली की खाली यायची त्याला घाई नसते. सकाळी नऊनंतर काळ्या रानावरून थर्मल (वर चढणारे गरम हवेचे झोत) सुटायला लागतात, तेव्हा घारी जिथे घिरट्या घालतात तिथे हळूच रडर देऊन शिरायचं. एका बॅटरीत सहज वीस मिनिटं होतात. माझा पुतण्या दहावीत आहे, त्याच्या हातात ट्रान्समीटर दिला तेव्हा मी फक्त एवढंच सांगितलं, 'घाबरलास तर दोन्ही काड्या सोड.' त्याने सोडल्या आणि विमान आपलं आपण सरळ झालं. शिकणाऱ्याला याच्यासारखा गुरू मिळणं कठीण आहे. (उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर आपली जागा हिरव्या भागात आहे का ते बघा. आणि नान्नजचं माळरान कितीही मोकळं दिसलं तरी तिकडे फिरकू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे.)

आता रबर.

पंख फ्युजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, नुसता टेकलेला असतो. फ्युजलाजमधून आडव्या काड्या बाहेर काढलेल्या असतात, त्यांच्यावरून पंखाच्या वर बँड ताणायचे. वजन पावणेदोन किलो. सूर मारून वर काढताना चारपट भार आला तर पंख विमानापासून सुटायला जास्तीत जास्त सात किलोच्या जोराने ओढतो. ही सगळी ओढ त्या बँडवर. म्हणजे हजारोंची मोटर, सर्वो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर आणि कित्येक रात्रींचं काम हे सगळं रबराच्या भरवशावर वर जातं.

स्टेशनरीच्या दुकानातले बँड पहिल्यापासूनच बाद. दोन सकाळींत त्यांना चिरा पडल्या. मग ऑनलाइन विक्रेत्याकडून मॉडेलसाठीचे लॅटेक्सचे रुंद बँड मागवले. पोस्टेजसकट एका पाकिटाची किंमत एका चांगल्या सर्वोएवढी झाली. पाकिटावर बनवल्याची तारीख नव्हती. मे महिन्यात तुटले ते हेच. तुटलेल्या बँडचे फोटो पाठवले तर उत्तर आलं की रबर नाशवंत माल आहे, परतावा नाही. नाशवंत आहे तर तारीख का नाही, असं विचारलं तर म्हणाले, तुटतानाचा व्हिडिओ पाठवा. विमान हवेत असताना पंखावरचा बँड तुटतानाचा व्हिडिओ! नाशवंत माल बिनतारखेचा विकणं हे मला आजही अजिबात मान्य नाही. तुम्ही मागवणार असाल तर आधी तारीख लेखी विचारा, आणि पाकीट आलं की सगळ्यात आधी एक बँड पूर्ण ताणून उन्हात धरून बघा. आडव्या बारीक रेषा दिसल्या तर तो संपलेला आहे.

या चिरा नुसत्या उन्हाने पडत नाहीत. हवेतला ओझोन नैसर्गिक रबराला खातो आणि रबर ताणलेलं असेल तर हे कितीतरी वेगाने होतं. म्हणून चिरा नेहमी ताणाला आडव्या असतात. चाळिशीपार गेलेल्या उन्हात, बंद गाडीत, पंखावर ताणून ठेवलेले बँड म्हणजे दुर्घटनेची तयारीच. उडवून झालं की बँड काढायचे, टाल्कम पावडर लावून घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवायचे. मी हे पहिल्या दिवसापासून करत आलोय, तरीही ते पाकीट टिकलं नाही.

मी सामान उचलायचा काटा घेतला. फ्युजलाज टेबलाला बांधलं, पंखाला पट्टा घालून वर ओढलं आणि पंख जागेवरून सुटायला लागला की आकडा वाचला. ताज्या लॅटेक्सवर आठ किलोच्या वर. त्याच बँडवर काही आठवड्यांनी पाचच्या खाली. बघायला बँड तसेच दिसत होते. हा प्रयोग प्रत्येकाने करावा, पाच मिनिटांचं काम आहे.

तेव्हा मी ठरवलं होतं की रबर बंद. पंखात प्लायचे तुकडे बसवायचे आणि नायलॉनचे बोल्ट लावायचे. प्लाय कापूनही झालं होतं. पण मेमधल्या त्या पडण्याचा विचार करत गेलो तसं मत बदललं. पंखाचं टोक आधी टेकलं, पंख फिरला, बँड सुटले आणि सगळा धक्का तिथेच संपला. बोल्ट असते तर स्पार (पंखाचा मुख्य वासा) मोडला असता किंवा फ्युजलाजच्या बाजू फाटल्या असत्या. म्हणजे त्या दिवशी विमान पाडलं शिळ्या रबराने, आणि वाचवलंही रबरानेच. त्या काळचे लोक या सामानावर उगाच विसंबून नव्हते. फ्री फ्लाइटमध्ये थर्मलमधून विमान खाली आणायला जळती वात बँडला लावायचे, बँड जळला की टेलप्लेन (शेपटीचा आडवा पंख) वर उचललं जायचं. पहिल्या सिंगल चॅनल रेडिओंमध्ये रडर हलायचा तोही पिळलेल्या रबरावर चालणाऱ्या एस्केपमेंट नावाच्या छोट्या यंत्रणेने. कीलक्राफ्टचं एजॅक्स किंवा सेनेटर तर उडायचंच रबराच्या पिळावर. रबर कसं सुटतं, कुठे सुटतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बोल्ट बसवून मी डिझाइनमधली सगळ्यात शहाणी गोष्ट काढून टाकली असती.

मग उरला प्रश्न टिकण्याचा, आणि तो पंक्चरवाल्याने सोडवला. सायकलच्या ट्यूब मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, नैसर्गिक रबराच्या आणि ब्युटाइल या कृत्रिम रबराच्या. ब्युटाइल लिहिलेली ट्यूब मागा. ब्युटाइलच्या साखळीत दुहेरी बंध अगदी थोडे असतात, त्यामुळे ओझोनला धरायला जागाच मिळत नाही. आमच्या चौकातल्या काकांनी फाटलेली ट्यूब फुकट दिली, 'विमानाला? घेऊन जा की!' म्हणाले. कात्रीने आडवे काप घेतले की झाले बँड.

मात्र नुसते ब्युटाइल लावून मी खूश झालो नाही. एकतर ते ताठ आहे. दोन दिवसांत पंखाच्या मागच्या धारेवर वळ उमटले. तिथे कापडाखाली बांबूची पातळ कामटी चिकटवली, मग थांबलं. दुसरं जास्त गंभीर. पहिल्यांदा रुंद कापलेले बँड लावले होते, त्यांनी पंख इतका आवळला की विमान उतरताना ढेकळाला अडून उलटलं तरी पंख सुटला नाही आणि पुढची धार काडीजवळ दबली. न सुटणाऱ्या पंखासाठी बोल्टच लावले असते की! म्हणून आता काप सहा मिमीचे घेतो आणि मिसळून लावतो: खाली लांबीत चार ब्युटाइलचे, वर लॅटेक्सचे, शेवटचे दोन फुलीत म्हणजे पंख फिरत नाही. काट्यावर आकडा साडेसातच्या आसपास, आणि या उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत तो जवळपास तिथेच राहिला. लॅटेक्स आता भारतातलंच स्वस्त घेतो आणि महिन्याला बिनदिक्कत फेकतो.

विमान बांधा, नक्की बांधा. बोल्ट लावू नका. खर्चाच्या यादीत मोटर आणि बॅटरीबरोबर सामान उचलायचा काटाही धरा, तो बाजारात दोनशे-अडीचशेला मिळतो. माझी पुढची बांधणी व्हिक स्मीड यांच्या टॉमबॉय या जुन्या मॉडेल विमानाची आहे. प्लॅन छापून आणलाय, या वेळी दुसऱ्या दुकानातून, पट्टी लावून.