वर्धा रोडवरच्या वाईन शॉपमधलं आफ्रिकेचं कपाट

दक्षिण आफ्रिका म्हटलं की आपल्याकडची बहुतेक दुकानं स्टेलेनबॉश या तिथल्या नावाजलेल्या वाईन पट्ट्यावर थांबतात. नागपुरात वर्धा रोडवरच्या या दुकानात मात्र नाशिकच्या रांगांपलीकडे कोरड्या पट्ट्यातल्या तीन बाटल्या मिळतात: अपिंग्टनकडची कोलंबार, स्वार्टलँडची शेनिन ब्लांक (दोन्ही पांढऱ्या, नावं द्राक्षाच्या जातींची) आणि कॅलिट्सडॉर्पची केप रूबी, म्हणजे स्पिरिट घातलेली गोड लाल वाईन. माल निवडणाऱ्याला विषय कळतो. माल मांडणाऱ्याला कळत नाही, त्याबद्दल पुढे.

आधी कोलंबार. ती ऑरेंज नदीकाठची असली तरी त्या नावाचा आपल्या संत्र्यांशी काही संबंध नाही. 1779 मध्ये शोधयात्री रॉबर्ट गॉर्डनने डच राजघराण्याचं नाव नदीला दिलं. अपिंग्टनला वर्षाला 200 मिलिमीटरच्या आत पाऊस, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार. वेली जगतात त्या नदीच्या पाण्यावर. याच काठावर सुलताना, म्हणजे आपल्या तासगावची थॉमसन, बेदाण्यासाठी वाळवतात. अशा उन्हात द्राक्षात साखर झपाट्याने चढते आणि मॅलिक आम्ल वेलीवरच जळून जातं. आम्ल फक्त चवीपुरतं नसतं: आम्ल घटून पीएच 3.2 चा 3.8 झाला, तर वाईन तेवढीच सुरक्षित ठेवायला मोकळा सल्फर डायऑक्साइड, म्हणजे वाईन टिकवणारं रसायन, जवळपास चौपट लागतो. कोलंबार उष्ण भागात लावतात ती आम्ल धरून ठेवते म्हणून. तोड रात्री किंवा पहाटे, रस लगेच थंड, आंबवणं 12 ते 15 अंशांवर, आणि आम्ल कमी पडलंच तर टार्टारिक आम्ल मिसळायचं. टाकी तापली की या जातीचा पेरूचा वास सगळ्यात आधी उडतो. या बाटलीत तो शाबूत आहे. रंग फिकट हिरवट, चवीला लिंबाची साल, शेवट जरा तोकडा. रोजची वाईन म्हणून चोख.

शेनिन तारेवर न चढवलेल्या, झुडपासारख्या वेलींची आहे, बिनपाण्याच्या शेतीतली. उतारा कमी, अंगाने भरीव. नाशिकच्या शेनिनची सवय असेल तर ही जड वाटेल.

खरी वस्तू केप रूबी. कॅलिट्सडॉर्प क्लेन कारू या भागात येतं; तेही जेमतेम पावसाचं. टिंटा बरोका, टूरिगा नासिओनाल, सूझाव या पोर्तुगीज जाती तिथे रुळल्या. रस अर्धा आंबला की त्यात द्राक्षाचंच स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल साधारण 18 ते 20 टक्क्यांवर जातं. स्पिरिट घालायला उशीर झाला तर गोडी कमी पडते, घाई केली तर नुसता पाक. इथे वेळ नेमकी साधली आहे. युरोपीय संघाशी झालेल्या करारामुळे लेबलवर ‘पोर्ट’ हे अशाच पोर्तुगीज वाईनचं नाव लिहीत नाहीत, म्हणून शोधताना ‘केप रूबी’ किंवा ‘केप टॉनी’ पाहावं. संत्रा बर्फीसोबत खरं तर लाकडी पिंपात मुरलेली टॉनी हवी. तीच इथे नाही. सावजीबरोबर रूबी कुणी सुचवली तर ऐकू नका, एवढं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. पाटवडी रश्श्यासोबत 8 अंशांपर्यंत गार केलेली कोलंबार निभावून नेते. सावजी मटणापुढे तिघींचाही टिकाव लागत नाही.

टांझानियातल्या डोडोमाची एखादी बाटली असती तर कपाट पुरं झालं असतं. तिथे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोन बहार घेतात. आपल्याकडेही छाटण्या दोन, पण एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घडांसाठी; पीक एकच.

आता मांडणी. कपाट पश्चिमेच्या काचेलगत आहे, वर पिवळा दिवा, बाटल्या उभ्या, आणि दुकान बंद झालं की एसी बंद. उन्हाने वाईन फुगते, बूच वर ढकलते. रात्री आकसते आणि हवा आत ओढते. म्हणून घेताना बुचाचा फुगवटा, कॅप्सूलखालची (बुचावरच्या वेष्टनाखालची) चिकट कड आणि बाटलीच्या खांद्याखाली उतरलेली पातळी बघा. फिरकीच्या झाकणाची बाटली असेल तर रंग बघा: कोलंबार हिरवटऐवजी सोनेरी दिसली की परत ठेवा. इंपोर्टरचं स्टिकर काही बाटल्यांवर नेमकं द्राक्षतोडीच्या सालावर चिकटवलंय. साल विचारून घ्या. कोलंबार दोन वर्षांपेक्षा जुनी नको. मानेवरच्या प्रमाणपत्राच्या पट्टीवर नंबर असतो. दक्षिण आफ्रिकेच्या 1973 पासूनच्या या प्रमाणपत्र पद्धतीत लेबलवर प्रदेश लिहिला असेल तर द्राक्षं शंभर टक्के तिथलीच असावी लागतात, आणि साल किंवा जात लिहिली असेल तर निदान 85 टक्के.

आयात शुल्कच 150 टक्के, त्यामुळे किंमत टोचणारच. मग निदान कपाटातली न घेता आतल्या खोक्यातली मागा. मागितली तर काउंटरवरचा पोरगा काढून देतो. घरी कूलरची खोली पुरत नाही, फ्रिजच हवा. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं. उघडलेली कोलंबार फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, रूबी दोन-तीन आठवडे.

पांढऱ्या बाटल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्याव्यात. मे महिन्यात याच कपाटातून काही उचलायचंच असेल तर रूबी उचला. साखर आणि स्पिरिटच्या जोरावर तिन्हींत तीच ऊन जरा सोसते.