अवाही आणि पाच संगणकांची नावे : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमळनेरमधील आमच्या छोट्या छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुके आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापल्या जातात. पाच संगणक आहेत आणि पाचही लिनक्सवर चालतात. चारांवर डेबियन १२ हा लिनक्सचा प्रकार आहे, एकावर उबुंटू २४.०४. त्यांना खानदेशातील नद्यांची नावे दिली आहेत : तापी, गिरणा, बोरी, पांझरा आणि वाघूर. सगळ्या फाइली तापीवर असतात आणि बाकीचे चौघे तिथूनच काम उचलतात, त्यामुळे तापी हे नाव ओळखले गेले नाही तर छपाई थांबते. गेले आठ महिने ही नावे ओळखण्याचे काम अवाही ही सेवा करत आहे. (आज्ञा आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.)

त्याआधी सगळी भिस्त 'इटीसी' या फोल्डरमधल्या 'होस्ट्स' फाइलीवर होती. प्रत्येक संगणकावर पाच ओळी, प्रत्येक ओळीत एक पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखणारा क्रमांक) आणि एक नाव. एके काळी आर्पानेटवरील (इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरील) यंत्रांची नावेही अशाच एका सामाईक फाइलीत ठेवली जात आणि ती सांभाळणे हाताबाहेर गेले म्हणून १९८३ मध्ये डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेची, आखणी झाली. पाच संगणकांच्या छापखान्यातही तीच अडचण लहान रूपात येते, हे मला एप्रिलच्या अखेरीस कळले. त्या दिवसांत आमच्याकडे वीज वारंवार जाते. आमचा राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की कोणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरतो आणि जो आधी मागेल त्याला पत्ता देऊन मोकळा होतो. त्या दिवशी दुपारी वीज आल्यानंतर गिरणावर बसणाऱ्या मुलाने हाक मारली, "दादा, तापी उघडत नाही." मी पिंग करून (त्या पत्त्यावरून उत्तर येते का हे तपासणारी आज्ञा देऊन) पाहिले तर १९२.१६८.१.१४ वरून उत्तर व्यवस्थित येत होते. म्हणून मी नेटवर्क ठीक आहे असे धरून फाइल शेअरिंगची मांडणी तपासत बसलो. प्रत्यक्षात तो पत्ता वाय-फायला जोडलेल्या एका ग्राहकाच्या मोबाइलला मिळाला होता आणि पिंगला उत्तर तो मोबाइल देत होता. तापी १९२.१६८.१.२२ वर जाऊन बसली होती. उत्तर येते आहे एवढ्याने ते योग्य यंत्राकडूनच येते आहे असे ठरत नाही, ही गोष्ट त्या दुपारी दोनशे पत्रिका अडकल्यामुळे मनावर कायमची कोरली गेली.

अवाही मल्टिकास्ट डीएनएसवर चालते, म्हणजे एका सर्व्हरला न विचारता नेटवर्कवरील सगळ्या यंत्रांना एकदम विचारते; अशा नावांना '.लोकल' हे शेपूट असते. शाळेत हजेरी घेताना नाव पुकारल्यावर ज्याचे नाव आहे तोच 'हजर' म्हणतो, तसाच हा प्रकार आहे : 'तापी.लोकल कोण?' हा प्रश्न २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि तापी स्वतःचा त्या घडीचा पत्ता सांगते. २०१३ पासून हा प्रकार आरएफसी ६७६२ या दस्तऐवजात मानक म्हणून नोंदलेला आहे. राउटरने पत्ता बदलला तरी कोणतीही फाइल हातात घ्यावी लागत नाही, आणि आमच्यासारख्या ठिकाणी हाच त्याचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

बसवल्यावर लगेच सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चार संगणकांवर नावे सापडू लागली, वाघूरवर सापडेनात. येथे मी एक चूक केली आणि ती बरेच जण करतात असे दिसते : तपासणीसाठी एन-एस-लुकअप वापरले. ते 'तापी.लोकल सापडत नाही' असे सांगत राहिले आणि मी दोन तास राउटरशी झटत राहिलो. वस्तुतः एन-एस-लुकअप आणि डिग ही साधने थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने नाव शोधतात त्या वाटेने ती जातच नाहीत. म्हणून नाव सापडत असलेल्या गिरणावरही त्यांचे उत्तर नकाराचेच येत होते. खरी परीक्षा 'गेटएंट होस्ट्स तापी.लोकल' या आज्ञेने होते, कारण नाव आधी कुठे आणि नंतर कुठे शोधायचे याचा 'एनएसस्विच.कॉन्फ' या फाइलीत लिहिलेला क्रम ती पाळते. गिरणावर या आज्ञेला पत्ता आणि नाव अशी एक ओळ आली. वाघूरवर काहीही न छापता पुढचा प्रॉम्प्ट आला. मग वाघूरवरच 'अवाही-रिझॉल्व्ह -एन तापी.लोकल' ही आज्ञा दिली तर पत्ता तत्काळ मिळाला. म्हणजे प्रश्न नेटवर्कवर जात होता, उत्तर परत येत होते, फक्त वाघूरवरील इतर प्रोग्रॅमना अवाहीला विचारायचे असते हे कोणी सांगितले नव्हते. ती जोडणी करून देणारे 'लिबएनएसएस-एमडीएनएस' हे पॅकेज तिथे बसलेलेच नव्हते. ते बसवताच 'एनएसस्विच.कॉन्फ'मधील 'होस्ट्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'फाइल्स'नंतर आणि 'डीएनएस'च्या आधी 'एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न]' हे शब्द आले आणि वाघूरलाही तापी सापडली. कंसातल्या शब्दांचा अर्थ असा की, लोकल नाव येथे सापडले नाही तर बाहेरच्या सर्व्हरला विचारू नये. ते काढू नयेत.

याच क्रमामुळे पांझरावर वेगळीच अडचण आली. 'फाइल्स' हा शब्द सर्वांत आधी असल्याने जुन्या होस्ट्स फाइलीत विसरलेली 'तापी.लोकल'ची एक ओळ अवाहीच्या ताज्या उत्तरावर मात करत होती. ती ओळ पुसली आणि विषय मिटला. अवाही बसवणाऱ्याने जुन्या ओळी त्याच दिवशी काढाव्यात, असा माझा आग्रह आहे.

बोरीची डिस्क आम्ही गिरणाच्या डिस्कची नक्कल करून भरली होती, त्यामुळे एका नावाचे दोन संगणक झाले आणि अवाहीने दुसऱ्याला आपणहून 'गिरणा-२.लोकल' केले. 'होस्टनेमसीटीएल' या आज्ञेने नाव बदलून बोरी केले, तर प्रत्येक सुडो आज्ञेला (प्रशासकाच्या अधिकाराने दिलेल्या आज्ञेला) 'अनएबल टू रिझॉल्व्ह होस्ट बोरी', म्हणजे बोरी हे नाव ओळखता येत नाही, हा इशारा येऊ लागला. होस्ट्स फाइलीत १२७.०.१.१ समोर अजून गिरणा हेच नाव होते. ते बदलल्यावर इशारा गेला. संगणकाची स्वतःची ही एक ओळ मात्र डेबियनवर ठेवावीच. (नाव रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा यांतच ठेवावे लागते, पण होस्टनेमसीटीएलमध्ये दाखवण्यापुरते 'प्रेटी' नाव देवनागरीत देता येते, आणि आम्ही ते दिले आहे.)

उबुंटूच्या संगणकावर नावे शोधणारी सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही सेवाही असते आणि तीही मल्टिकास्ट डीएनएसचे काम करू शकते. मी उत्साहाच्या भरात तिथेही ती सोय चालू केली होती. नावे कधी सापडत, कधी नाही. 'जर्नलसीटीएल'मध्ये (संगणकाच्या नोंदींत) पाहिले तेव्हा अवाहीनेच स्पष्ट लिहून ठेवले होते की याच संगणकावर दुसरी तशीच यंत्रणा चालू आहे आणि त्यामुळे भरवसा राहत नाही. त्या दुसऱ्या सेवेच्या 'रिझॉल्व्हड.कॉन्फ' या फाइलीत 'मल्टिकास्टडीएनएस=नो' केल्यापासून तक्रार नाही.

सर्वांत चिवट दोष निघाला तो मात्र तारेत. मागच्या खोलीत रेंज मिळावी म्हणून जुना राउटर जोडला होता आणि जोडणाऱ्याने तार त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या जोडणीत) घातली होती. त्यामुळे मागच्या खोलीचे नेटवर्कच वेगळे झाले. इंटरनेट सुरळीत चालायचे, म्हणून कोणालाही शंका आली नाही, पण अवाहीची हाक राउटर ओलांडत नाही. तार लॅन पोर्टमध्ये (आतल्या नेटवर्कच्या जोडणीत) घातली, त्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले आणि मागच्या लॅपटॉपला पाचही नद्या दिसू लागल्या. ग्राहकांसाठी वेगळे गेस्ट वाय-फायही नंतर सुरू केले. तिथून आमची यंत्रे दिसत नाहीत, आणि ते तसेच हवे आहे.

त्यानंतर वीज किती वेळा गेली याची मोजदाद नाही, पण पत्ता बदलला म्हणून काम अडल्याचे एकदाही घडलेले नाही. एकच उणीव राहिली. घरून रात्री काम तपासण्यासाठी मी व्हीपीएनने (इंटरनेटवरून छापखान्याच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या खासगी वाटेने) जोडला जातो आणि तिथे लोकल नावे चालत नाहीत. त्यासाठी तापीचा पत्ता राउटरमध्ये तिच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाशी बांधून ठेवला आहे आणि घरच्या संगणकावरील होस्ट्स फाइलीत, '.लोकल' न लावता, तापीची एक ओळ अजून ठेवली आहे.