पिरेलीचा इंटरमीडिएट टायर: डांबरावर भक्कम, पांढऱ्या रेघेवर हतबल

ओल्या ट्रॅकसाठी पिरेली फॉर्म्युला वनला दोन टायर देते, पण खरा कामाचा त्यातला एकच, हिरव्या पट्टीचा इंटरमीडिएट. निळ्या पट्टीचा फुल वेट कागदावर सरस आहे. ताशी ३०० किमी वेगाला तो एक टायर सेकंदाला ८५ लिटर पाणी बाहेर फेकतो, इंटर (म्हणजे इंटरमीडिएट) ३० लिटर. पण तेवढा पाऊस असला की फवाऱ्यात पुढची गाडी दिसत नाही, लाल झेंडा पडतो, म्हणजे रेस थांबते, आणि निळे टायर गॅरेजमध्येच राहतात. मग भुरभुर पावसापासून ट्रॅक जवळजवळ सुकेपर्यंतची सगळी जबाबदारी इंटरवर येते. ती तो उत्तम निभावतो. अडतो एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण १६ मार्च २०२५ ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाचा नवखा ड्रायव्हर जॅक डूहानच्या वाट्याला आलं, तेही घरच्या पहिल्याच ग्रां प्रीमध्ये.

आल्बर्ट पार्कचं ५.२७८ किमीचं सर्किट म्हणजे तळ्याभोवतीचे एरवी वाहतुकीचे रस्ते. शुक्रवार-शनिवार कोरडे गेले. अल्पिन संघाचा डूहान क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे स्टार्टची जागा ठरवणाऱ्या फेरीत, चौदावा आला. रविवारी पाऊस, सगळ्यांना इंटर. फॉर्मेशन लॅपलाच, म्हणजे स्टार्टआधीच्या संथ फेरीत, आयझॅक हाजार, तोही नवखाच, गाडी फिरून भिंतीला लागला आणि स्टार्ट लांबली. नंतर रेस सुरू झाली तेव्हा पाचव्या वळणातून निघताना डूहानने थ्रॉटल दिला, मागची चाकं ट्रॅकच्या कडेला रंगवलेल्या ओल्या पांढऱ्या रेघेवर गेली, गाडी भिंतीत. ५७ लॅपची रेस त्याच्यासाठी एक लॅपही टिकली नाही. वाईट वाटतं, कारण चूक एका रेघेएवढी होती.

टायर तिथे नेमका कुठे कमी पडतो? खाचा पाणी बाजूला सारतात, पण पकड देतं ते रबर. मऊ रबर डांबरातल्या खडीच्या बारीक खळग्यांत दबून बसतं आणि तिथून ओढ घेतं. रंगाने हे खळगेच बुजवलेले असतात. वर पाण्याचा पातळ थर, खाली गुळगुळीत रंग. रबराला रुतायला जागाच नाही. खाचा दुप्पट खोल केल्या तरी इथे फार फरक पडणार नाही. त्यात पहिली लॅप. इंटर ब्लँकेटमधून, म्हणजे टायर तापवणाऱ्या विजेच्या आवरणातून, ६० अंशांवर निघतो, ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) उभ्या उभ्या निवतो, उरलेली ऊब ओला रस्ता शोषून घेतो. थंड रबर ताठ असतं, रुतणं आणखी कमी. अशा वेळी मागचं चाक रंगावर आलं की एकदम गरगरतं, कारण हायब्रिड इंजिनाचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) खालच्या आरपीएमलाही दांडगा असतो. रेघ ओलांडून चाक पुन्हा डांबराला लागलं की पकड झटक्यात परत येते आणि गाडीचं तोंड त्या क्षणी जिकडे असेल तिकडे ती फेकली जाते. स्ट्रीट सर्किटवर तिकडे भिंत असते.

हा सगळा नवखेपणाचा दोष मानणं अन्यायाचं आहे. थोड्याच वेळात सेफ्टी कारच्या मागे, म्हणजे अपघातानंतर सगळ्या गाड्या रांगेत संथ चालताना, कार्लोस साइंझसारखा मुरलेला ड्रायव्हर गिअर वर टाकताना आलेल्या टॉर्कच्या झटक्याने भिंतीला लागला. आणि त्याच दिवशी किमी अँटोनेली पहिल्याच ग्रां प्रीत सोळाव्या जागेवरून चौथा आला. टायर विश्वासू आहे, फक्त त्याच्या अटी पाळाव्या लागतात. स्टीअरिंग सरळ झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नको. वळणातून निघताना नेहमीपेक्षा एक गिअर वर, म्हणजे चाकापर्यंत टॉर्क कमी पोचतो. रेघ ओलांडायचीच असेल तर आडवी, पटकन, पाय स्थिर ठेवून. रंगावर असताना गिअर बदलायचा नाही. कोरड्यातली लाइन, म्हणजे गाड्यांचा नेहमीचा मार्ग, तीही सोडावी लागते, कारण तिथे बसलेलं रबर ओलं झालं की तेही रंगासारखंच घसरतं. खरखरीत डांबर बाहेरच्या बाजूला मिळतं, पण रेघाही तिथेच असतात. पेच हाच आहे.

ट्रॅक सुकू लागला की दुखणं उलटं. खाचांमधले रबराचे ठोकळे डुलतात, तापतात, त्यांच्या कडा गोल होतात. म्हणून ड्रायव्हर सरळ रस्त्यावर मुद्दाम ओली बाजू धरतात. खाचा पूर्ण झिजल्या तरी टायर मेला असं नसतं: २०२० च्या तुर्कस्तानच्या रेसमध्ये हॅमिल्टनने एकाच सेटवर ५० लॅप काढून विजय मिळवला, शेवटी ते टायर स्लिकसारखे, म्हणजे कोरड्यातल्या बिनखाचांच्या टायरसारखे, गुळगुळीत झाले होते. ते जुने १३ इंची टायर होते, पण तत्त्व तेच.

स्लिकवर कधी जायचं, याचा ढोबळ हिशोब कोरड्या वेळेच्या साधारण ११२ टक्के. मेलबर्नला मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसची पोल, म्हणजे क्वालिफाइंगमधली सर्वात जलद वेळ, १ मिनिट १५.०९६ सेकंदांची, म्हणजे इंटरवर १ मिनिट २४ च्या आसपास वेळ येऊ लागली की बदलायची तयारी ठेवायची. उलट दिशेने, स्लिकवरून इंटरवर जाताना, मात्र हिशोबाला वेळ मिळत नाही. ४४ व्या लॅपला पाऊस परतला आणि स्लिकवरचे दोन्ही मॅक्लारेन घसरले. नॉरिस लगेच पिटमध्ये शिरला, इंटर घेतले आणि व्हर्स्टॅपेनच्या ०.८९५ सेकंद पुढे राहून जिंकला. दुसऱ्या मॅक्लारेनमधला, मेलबर्नचाच ऑस्कर पियास्त्री ओल्या गवतात अडकला, रिव्हर्स घेत कसाबसा बाहेर आला आणि नववा राहिला.