जुनी फरशी फोडायची की वरूनच नवी लावायची? जुन्या फ्लॅटसाठी एक तुलना

कोल्हापुरात राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क या भागांतल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये फ्लॅटचं काम काढलं की रंग, वायरिंग, ओटा यांचं कसंबसं ठरतं. फरशीपाशी मात्र घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, मोझेक फोडून नवी घाला. दुसरा म्हणतो, जुनीवरच केमिकलने (पिशवीत मिळणाऱ्या टाईल ॲडेसिव्हने) टाईल चिकटवा. टाईल कुठली, दोन बाय दोन फुटी की दोन बाय चार, मॅट की ग्लॉसी, यात इथे शिरत नाही. ते दुकानात बघून ठरतंच.

आधी एक तिसरी शक्यता. मोझेक शाबूत असेल, तडे नसतील आणि नुसती काळवंडलेली असेल, तर मशीनने घासून पॉलिश करून बघा. जुन्या मोझेकच्या वरच्या थरात दगडी चिप्स बऱ्यापैकी खोल असतात, त्यामुळे ती आणखी एकदोनदा घासण्याइतकी टिकते. हे पटलं नाही तरच पुढचं वाचा.

फोडण्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. खालपर्यंत सगळं दिसतं. पोकळ झालेला बेड (फरशीखालचा सिमेंट-वाळूचा थर), मुरलेलं पाणी, फरशीखालून गेलेली जुनी गंजकी पाइप, सगळं उघडं पडतं आणि एकदाच निस्तरता येतं. लेव्हल नव्याने बांधता येते. घराची उंची तीच राहते, दारं कापावी लागत नाहीत, उंबरे तसेच राहतात. फरशीवाल्याच्या सवयीचं काम असल्याने त्याच्या हातून चुकाही कमी होतात. कोणी फोडून घेतलं तर ते चुकलं, असं मी म्हणणार नाही.

वरून लावण्याची बाजू वेगळी आहे. एकेक खोली रिकामी करून काम करता येतं, घर सोडावं लागत नाही. ब्रेकरचा (फोडायच्या मशीनचा) आवाज नाही. केमिकल सिमेंट-वाळूपेक्षा महाग पडतं हे खरं, पण फोडाईची मजुरी, राडारोडा उतरवणं, तो वाहून नेणं आणि नवा बेड हे सगळं मांडलं की तो फरक बराचसा भरून निघतो.

आता ज्या एका त्रासामुळे माझा कल ठरला, तो राडारोड्याचा. कोटेशनमध्ये हा एका ओळीत असतो, "डेब्रिज शिफ्टिंगसह". त्या ओळीत काय दडलंय ते 500 चौरस फुटांचा हिशेब केला की कळतं. मोझेकची फरशी 20 ते 25 मिमी जाड, तिच्याखाली मालाचा बेड 40 ते 50 मिमी. म्हणजे अडीच ते तीन इंचाचा थर निघतो. त्याचं वजन सहा-सात टन भरतं, आणि फुटून सुटा झाला की तो पावणेदोन ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आसपास जातो. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात 30 किलोपेक्षा जास्त भरलं तर पोतं जिन्यातच फाटतं, त्यामुळे दोनशेच्या वर पोती होतात. आपल्याकडच्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना बहुधा लिफ्ट नसते. असली तरी फ्लॅटधारकांची असोसिएशन ती राडारोड्याला वापरू देत नाही, आणि ते योग्यच आहे. दाराच्या खाचेत खडे अडकून लिफ्ट बंद पडते.

मग ही पोती बिगाऱ्यांच्या खांद्यावरून जिन्याने उतरतात. पायऱ्यांच्या कडा उडतात, भिंतींना ओरखडे पडतात आणि प्रत्येक मजल्याच्या दारात बारीक पांढरी धूळ बसते. खाली पार्किंगमध्ये ढीग साठतो, कारण ट्रॅक्टरवाला ट्रॉलीभर माल झाल्याशिवाय येत नाही. तोवर कुणाची गाडी अडते, कुणी त्यात आपल्या घरची खरमाती आणून टाकतं, आणि ती उचलण्याचा खर्चही तुमच्याकडेच येतो. मधेच पाऊस आला तर पोती भिजून आणखी जड होतात.

सगळ्यात वाईट भाग डोळ्यांना दिसत नाही. दिवसाच्या शेवटी बिगारी घमेली, फावडी आणि हातपाय बाथरूममध्ये धुतात. ते सिमेंट-वाळूचं पाणी नहाणी ट्रॅपमधून (बाथरूमच्या जाळीखालच्या सापळ्यातून) इमारतीच्या सामाईक लाइनमध्ये जातं आणि बेंडमध्ये थिजतं. लाइन तुंबते ती खालच्या मजल्यावर, आणि तिथे पाणी वर येईपर्यंत तुमचं काम संपून गेलेलं असतं. कारण सिद्ध होत नाही, पण शेजाऱ्याचं बोलणं मात्र कायमचं तुटतं.

एवढं खाली गेल्यावर तेवढंच परत वरही चढवायचं असतं. 500 चौरस फुटांच्या दोन इंची बेडला 1:6 च्या (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) मालाने 12-13 पोती सिमेंट आणि जवळजवळ एक ब्रास क्रश सँड लागते. वरून लावताना तेवढ्याच जागेला 20 किलोच्या केमिकलच्या 11 ते 13 पिशव्या पुरतात. टाईलचे बॉक्स दोन्हीकडे सारखेच, दोन बाय दोनचे साधारण 35.

ब्रेकरच्या हादऱ्याचंही थोडं. जुन्या इमारतीत तुमची फरशी म्हणजे खालच्याचं छत. स्लॅब साडेचार-पाच इंचाचा, आणि खालून केलेलं प्लॅस्टर आधीच सुटत आलेलं असेल तर त्याचे पापुद्रे खाली पडतात. फोडायचंच असेल तर मोठा ब्रेकर आणू देऊ नका. लहान चिपिंग हॅमर घ्या, तोही तिरका धरून. काम सुरू करण्याआधी खालच्या घरी जाऊन छताचे फोटो दोघांनी मिळून काढून ठेवा.

कोल्हापुरातल्या बऱ्याच इमारती सोसायटीऐवजी 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. त्या कायद्यानुसार इमारतीच्या मजबुतीला बाध येईल असं काम इतर सर्व फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. फरशी बदलणं सहसा त्यात मोडत नाही, भिंत पाडणं मोडू शकतं. तरी असोसिएशनला कामाची तारीख, वेळ आणि राडारोडा कुठे ठेवणार ते लिहून द्या. त्या कायद्याखाली नोंदवलेल्या इमारतीच्या घोषणापत्रात याबद्दल काही अट आहे का, तेही बघून घ्या.

आता वरून लावण्यातल्या अडचणी. त्या नाहीत असं कोणी सांगत असेल तर तो फक्त टाईल विकतोय असं समजा.

पहिली, जुनी फरशी घट्ट बसलेली हवी. लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारा. तुरळक फुल्या असतील तर तेवढ्याच काढून मालाने भरून घ्या. अख्ख्या खोलीत फुल्याच दिसल्या तर वरून लावण्याचा विचार सोडा, कारण नवी टाईल कितीही घट्ट चिकटली तरी जुनीसकट उचलते. मग सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फिरवा. खाली पाच मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर ती जागा आधी लेव्हल करून घ्या. केमिकल खड्डे भरायला नसतं; जाड थर सुकताना आकसतो आणि टाईलचा एक कोपरा वर राहतो.

दुसरी, पकड. मोझेकवर वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि मेण असतं, किचनमध्ये तेलाचा चिकट थर. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने घासून, स्वच्छ धुऊन, ग्राइंडरला डायमंड कप व्हील लावून वरची चकाकी काढली तरच केमिकल धरतं. नुसते छिन्नीने टोचे मारून भागवणारे फरशीवाले भेटतील. ते मान्य करू नका. पिशवीवर आयएस 15477 हा भारतीय मानकाचा क्रमांक, टाइप 3 किंवा त्यावरचा प्रकार आणि टाईलवर टाईल लावण्यासाठी चालतं असा स्पष्ट उल्लेख, या तिन्ही गोष्टी बघा. टाईलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी पूड असते, ती ओल्या स्पंजने पुसायला लावा. टाईल मात्र पाण्यात भिजवायची नाही. ती सवय सिमेंटच्या कामातली आहे. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच मोजून घाला, कालवल्यावर पाच मिनिटं थांबा आणि पुन्हा एकदा कालवा. केमिकल दातेरी थापीने पसरायचं, आणि दोन बाय चार असेल तर टाईलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाईल दाबली की मध्ये पोकळी राहते आणि तिथेच पुढे कपाटाचा पाय येतो. पहिल्या दिवशी एक बसवलेली टाईल लगेच उचलून तिची पाठ बघा. केमिकल सगळीकडे लागलेलं दिसलं तरच पुढे जाऊ द्या.

फटीशिवाय लावलेली फरशी दिसते सुंदर, पण फुगायला जागा नसल्याने ती उन्हाळ्यात मधूनच तंबूसारखी उचलते. किमान 2 मिमीचा स्पेसर हवाच, आणि भिंतीकडेला पाच-सहा मिमी मोकळी जागा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

तिसरी अडचण उंचीची. टाईल आणि केमिकल मिळून 12 ते 15 मिमी, म्हणजे अर्धा इंच. आतली फ्लश डोअर खालून कापता येतात, पण त्यांच्या कडेला भरीव लाकडाची पट्टी इंचभराचीच असते; त्यापेक्षा जास्त कापलं तर आतलं पोकळ लाकूड उघडं पडतं. कापलेल्या कडेला रंगाचा हात द्यायला विसरू नका, पुसायच्या पाण्याने दार तिथूनच फुगतं. मुख्य दाराचं लोखंडी सेफ्टी डोअर आत उघडत असेल तर ते आधीच तपासा. किचनमध्ये ओटा अर्धा इंच खाली आल्यासारखा होतो, त्याचं फारसं काही वाटत नाही. खालच्या ट्रॉलीची दारं मात्र फरशीला घासू शकतात.

गॅलरीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सरकत्या दाराच्या ॲल्युमिनियम ट्रॅकला बाहेरच्या बाजूला खाली बारीक भोकं असतात, पावसाचं पाणी तिथून निघतं. गॅलरीतही वरून टाईल लावली तर ती भोकं बुजतात, आणि आपल्याकडच्या जुलैच्या पावसात ट्रॅक भरून पाणी हॉलमध्ये येतं. म्हणून हॉलला वरून लावली तरी गॅलरी फोडून, उतार नव्याने काढून करावी. काम थोडं वाढतं, पण गॅलरी लहान असते.

वजनाची भीती बहुतेकांना वाटते. नवी टाईल केमिकलसह चौरस मीटरला साधारण 25 ते 27 किलो भरते. राहत्या घराचा स्लॅब माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला 200 किलो धरून डिझाइन केलेला असतो. त्यामुळे धडधाकट स्लॅबला एक थर जड नाही. पण त्याच घरात आधीच एकदा वरून लावलेली असेल तर तिसरा थर नको. आणि छताला सळ्या दिसत असतील तर फरशीचा विषय बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

खडबडीत शहाबादीवरही लावू नका. तो दगड थराथरांचा असतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. केमिकल पापुद्र्याला धरतं, दगडाला नाही. नागाळा पार्क, शाहूपुरीच्या ज्या तळमजल्यांत 2019 किंवा 2021 च्या महापुराचं पाणी शिरलं, तिथे तर फोडण्याला पर्याय नाही. फरशीखालची भर बसलेली असते आणि ओल खालून येत राहते.

बाथरूमबद्दल माझ्या मनात शंका नाही, ते फोडायचंच. तिथलं पाणी टाईलच्या सांध्यांपेक्षा नहाणी ट्रॅपच्या कडेने आणि भिंतीच्या कोपऱ्यांतून उतरतं. वरून टाईल लावा किंवा नुसतं इपॉक्सी ग्राउट भरा, ते थांबत नाही. सनकमधला (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधला) विटांच्या तुकड्यांचा कोबा पूर्ण काढा, जुने जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) टाका, भिंत आणि तळ यांच्या कोपऱ्यात मालाने गोलवा द्या. मग पॉलिमर-सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला छातीच्या वरपर्यंत. ट्रॅप बोळ्याने बंद करून पाणी 48 ते 72 तास भरून ठेवा आणि रोज खालच्या घरी जाऊन छत बघा. कोबा भरून झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. फरशीवाल्याला घाई असते, पण टाईल लागल्यावर केलेल्या परीक्षेत गळती सापडली तर सगळं पुन्हा फोडावं लागतं.

माझ्याकडे खोल्यांना वरून आणि बाथरूम-गॅलरी फोडून अशी वाटणी आहे. बाथरूमचा राडारोडा एका छोट्या टेम्पोत मावतो, आणि पार्किंग अडत नाही. दुसऱ्यांच्या इमारतीत परिस्थिती वेगळी असू शकते. तळाला मोकळं अंगण असेल, फ्लॅट पहिल्या मजल्यावर असेल आणि घर महिनाभर रिकामं ठेवता येत असेल, तर फोडण्याचा त्रास निम्म्यावर येतो.

दोन्हीपैकी काहीही ठरलं तरी बाथरूमचं काम आधी, मग रंगाचा पहिला हात, मग फरशी आणि शेवटी रंगाचा दुसरा हात, हा क्रम मोडू नका. फोडायचं असेल तर ते मे संपायच्या आत उरकेल असं बघा. आणि टाईल घेताना एक बॉक्स जास्त घ्या, सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना ते गाडीतून उतरवतानाच तपासा. कामाच्या मध्यात आणलेला वाढीव बॉक्स दिसायला तोच असतो, पण खिडकीच्या उजेडात त्याचा रंग वेगळा कळतो.