२८ मिनिटांची रेकॉर्ड: आठ महिन्यांनंतर

निक ड्रेक हा इंग्लिश गायक-गिटारवादक आणि ‘पिंक मून’ ही त्याची १९७२ ची रेकॉर्ड, एवढं सांगून थेट तक्रारीवर येते. ही एलपी २८ मिनिटांत संपते. दोन्ही बाजू धरून! इस्त्री करताना लावावी, तर चौथ्या शर्टाला उठून बाजू बदलायची. मी हिशेबी बाई. पैसे अख्ख्या एलपीचे आणि माल अर्ध्या तासाहून कमी? त्यातही ‘हॉर्न’ला शब्दच नाहीत, आणि ‘नो’मध्ये (नकारातला नव्हे, जाणण्यातला) जेमतेम चार ओळी. बाकी वेळ त्याच चार सुरांचं दळण.

वर पहिली प्रत सदोष निघाली. दोष नेमका ‘हॉर्न’मध्ये, जिथे एकेक सूर सोडून तो विरेपर्यंत थांबलंय. त्या शांततेत टक्. पुन्हा टक्. विक्रेत्याचं उत्तर: “विनाइल म्हटलं की थोडं असतंच.” थोडं काय! खरखर निराळी आणि टक् निराळी. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. मी स्टॉपवॉच लावून बसले. टक् बरोबर १.८ सेकंदांनी येत होती, म्हणजे आडवा ओरखडाच. सव्वा मिनिटाच्या तुकड्यात ४० च्या वर टक्. व्हिडिओ मागितला, पाठवला. अस्पष्ट आहे म्हणाले, पुन्हा पाठवला. तीन आठवड्यांनी दुसरी प्रत आली, आणि जुनी परत पाठवू नका, असंही कळवलं. चला, तेवढं तरी पदरात पडलं.

ढोल-ड्रम्स नसलेल्या रेकॉर्डचा हा त्रास आहेच. लपायला जागाच नाही, ना ओरखड्याला ना गायकाला.

इथवर मी तीन तारेही दिले नसते. माझ्या मते हा माणूस उतरणीला लागला होता. १९६९ च्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’मध्ये रॉबर्ट कर्बीनं बांधलेली व्हायोलिन-चेलोची साथ, १९७१ च्या ‘ब्रायटर लेटर’मध्ये ड्रम्स, ब्रास, ‘नॉर्दर्न स्काय’ या गाण्यावर वेल्श संगीतकार जॉन केलचा सेलेस्टा (घंट्यांसारखा किणकिणणारा छोटा पियानो). आणि मग १९७२ मध्ये हे: एक गिटार, एक गळा, शीर्षकगीतात थोडा पियानो. १९७१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, सोबतीला फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड, दोन रात्रींत काम उरकलेलं. मला वाटलं, खर्च वाचवला.

पाचव्या महिन्यात शीर्षकगीत गिटारवर वाजवायला घेतलं आणि मत फिरलं. नेहमीच्या जुळणीत (म्हणजे तारा ज्या सुरांना लावतात त्यात) ते हाताला लागतच नाही. तारा सी-जी-सी-एफ-सी-ई अशा लावायच्या आणि गळ्यावरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा). सगळ्यात जाड तार चार अर्धस्वर खाली येते, इतकी ढिली की जोरात छेडली तर पट्टीवर थरथरून झिणझिणते. आठवडाभर माझी गिटार सैल खाटेसारखी वाजत होती. अंगठा आवरून, अलगद वाजवायला लागले तेव्हा कुठे खालचा सूर भरून आला, आणि वरच्या मोकळ्या तारा आपसूक गुंजत राहिल्या. अंगठा खर्ज धरतो, बोटं मधली चाल चालवतात आणि मोकळ्या तारा मागे पडदा धरतात. जे काम पहिल्या रेकॉर्डवर चेलो करत होते, ते इथे जुळणी करते. निराळ्या जुळण्या तो तेव्हाही वापरायचाच, पण वाद्यवृंदाखाली माझा कान तिथवर गेला नव्हता.

२८ मिनिटांचंही थोडं मागे घेते. बाजू लांबली की तबकडीवर सुईच्या खाचा दाटीनं कापाव्या लागतात आणि आवाज दबतो. इथे बाजूला जेमतेम १४ मिनिटं, म्हणून खाचा ऐसपैस कापता येतात. इतक्या हळू गाणाऱ्या माणसाला ते मानवतं. तरी दोन गाणी जास्त असती तर काही बिघडलं नसतं. ‘नो’ अजूनही मला लांबलेलंच वाटतं.

आता साडेचार तारे. अर्धा कापला तो मिनिटांचा, विक्रेत्याचा यात हिशेब नाही. नवी प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवली आहे. सुई झिजवायची तर टक् वाल्या प्रतीवर झिजू दे. काल कोणाकडे तरी ‘हॉर्न’ लागलं होतं, स्वच्छ, बिनओरखड्याचं. मी १.८ सेकंदांनी मान हलवत होते.